शालेय लॅपटॉपची निगा : धाकाकडून जाणिवेकडे

सारांश

विद्यार्थ्यांना शाळेमार्फत लॅपटॉप देण्याच्या योजना जगभर राबविल्या गेल्या. यंत्र देणे तुलनेने सोपे असते; ते नीट वापरण्याची व सांभाळण्याची सवय लावणे कठीण असते. ही सवय लावण्यासाठी बहुधा नियमावली, दंड व कुलूप यांचा आश्रय घेतला जातो. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, धाकातून आलेली सावधगिरी यंत्राचा वापर कमी करते व बिघाड लपविण्यास प्रवृत्त करते. याउलट बिघाडाच्या कारणांचे ज्ञान, प्रत्यक्ष हाताळणी आणि नुकसानीच्या जबाबदारीची न्याय्य वाटणी या तीन आधारांवर उभी राहिलेली निगा टिकाऊ ठरते. या दृष्टीने अध्यापनाची एक रूपरेषाही लेखात मांडली आहे.

बीजसंज्ञा : शालेय लॅपटॉप, निगा, दुरुस्ती, नई तालीम, जबाबदारी, ई-कचरा.

१. प्रस्तावना

दसऱ्याच्या दिवशी पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा करण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी पाळली आहे. पुस्तकाला पाय लागला तर त्याला नमस्कार करावा, हा संस्कारही घरोघरी होता. शिक्षणाच्या साधनाविषयी आदर बाळगणे ही गोष्ट मराठी समाजाला नवी नाही. मात्र पाटीची पूजा वर्षातून एकच दिवस होई. उरलेले दिवस ती पाटी दप्तरात, मांडीवर आणि ओट्यावर असे. तिच्यावर लिहिले जाई, पुसले जाई, क्वचित ती फुटेही. लॅपटॉपच्या बाबतीत अनेक शाळांमध्ये हे प्रमाण उलटे झालेले आढळते. यंत्र पूजेच्या दिवशी बाहेर येते आणि एरवी कपाटात सुरक्षित राहते.

कपाटात ठेवलेले यंत्र सुरक्षित असते, ही समजूत तांत्रिकदृष्ट्याही चुकीची आहे. महिनोन्‌महिने न वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी निकामी होऊ शकते. यंत्राला जपण्याच्या हेतूने केलेली कृतीच त्याच्या नाशाला कारण ठरते. ही विसंगती विद्यार्थ्यांना यंत्राची निगा शिकविण्याच्या प्रश्नाचे मूळ स्पष्ट करते. निगा म्हणजे न वापरणे नव्हे. निगा म्हणजे दीर्घकाळ वापरता यावे अशा रीतीने वापरणे होय.

२. योजनांची पार्श्वभूमी

प्रत्येक विद्यार्थ्याला एक संगणक ही कल्पना एकविसाव्या शतकाच्या आरंभी शासकीय धोरणात उतरली. अमेरिकेतील मेन राज्याने २००२ मध्ये सातवीच्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप देण्यास प्रारंभ केला. २००५ मध्ये निकोलस निग्रोपाँटे यांनी 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमाची घोषणा केली. त्यातून तयार झालेल्या 'एक्सओ' या हिरव्या-पांढऱ्या यंत्राचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील एका छोट्या, एकशिक्षकी प्राथमिक शाळेतही झाला. त्याच वर्षी उरुग्वे या देशाने 'प्लान सेइबाल' ही योजना सुरू केली आणि २००९ पर्यंत सार्वजनिक प्राथमिक शाळांमधील सर्व मुलांपर्यंत यंत्रे पोहोचविली. भारतात तामिळनाडू शासनाने २०११ मध्ये उच्च माध्यमिक व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य लॅपटॉपची योजना आरंभिली.

'एक्सओ' यंत्राची रचना निगेच्या दृष्टीने लक्षणीय होती. लहान मुलांच्या हाती यंत्र द्यायचे म्हणजे ते पडणार, त्यावर पाणी सांडणार, धूळ बसणार, हे रचनाकारांनी गृहीत धरले होते. म्हणून त्याचा कळफलक रबराच्या सलग पडद्याने झाकलेला होता. त्यात फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, पंखाही नव्हता. दोन्ही बाजूंचे ॲन्टेना मिटले की जोडणीची छिद्रे झाकली जात. जादा स्क्रू यंत्राच्या आतच ठेवलेले होते. कारण साध्या दुरुस्त्या मुलांनी स्वतः कराव्यात, अशी अपेक्षा होती. मूल यंत्र बिघडवील या भीतीइतकाच मूल यंत्र दुरुस्त करील हा विश्वासही या रचनेत होता.

आज शाळांमधून व महाविद्यालयांमधून वापरले जाणारे बहुसंख्य लॅपटॉप अशा विशेष रचनेचे नसतात. ते कार्यालयीन किंवा घरगुती वापरासाठी बनविलेले असतात. त्यामुळे रचनेत जी काळजी घेतलेली नाही, ती वापरणाऱ्याच्या सवयीतून घ्यावी लागते. येथे अध्यापकाचे काम सुरू होते.

३. धाकातून येणारी सावधगिरी

ग्रामीण पेरूमधील ३१९ प्राथमिक शाळांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास आंतर-अमेरिकी विकास बँकेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. योजनेमुळे दर विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ पर्यंत वाढले. परंतु गणित व भाषा या विषयांतील संपादनावर त्याचा परिणाम आढळला नाही. या निष्कर्षाची चर्चा बरीच झाली. त्याच अभ्यासातील दुसरी एक नोंद मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिली. यंत्र घरी नेता यावे अशी योजनेची मूळ कल्पना असूनही निम्म्याहून कमी विद्यार्थी ते घरी नेत असत. यंत्र बिघडले वा चोरीस गेले तर भरपाई आपल्याला करावी लागेल, ही पालकांची धास्ती आणि बिघडलेले यंत्र बदलून मिळणार नाही, ही शाळांची चिंता ही त्यामागील कारणांपैकी होती.

ही धास्ती समजून घेण्यासाठी पेरूपर्यंत जाण्याचे कारण नाही. ज्या कुटुंबात रोजच्या मजुरीवर घर चालते, त्या घरात तीस-चाळीस हजारांची वस्तू परक्याची ठेव म्हणून येते. 'काही झाले तर भरून द्यावे लागेल' असे हमीपत्र पालकाने स्वाक्षरी वा अंगठा करून दिलेले असते. अशा घरात ते यंत्र पेटीत, कपड्यांच्या घडीखाली जाणे स्वाभाविक आहे. पालकाने येथे बेजबाबदारी दाखविलेली नसते. समोर ठेवलेल्या अटींचा त्याने काढलेला तो तर्कशुद्ध अर्थ असतो.

धाकाचा दुसरा परिणाम अधिक घातक आहे. दंडाच्या भीतीने विद्यार्थी बिघाड लपवितो. लॅपटॉपवर चहा सांडला, तर पहिली काही मिनिटे निर्णायक असतात. वीजपुरवठा लगेच तोडला, तर यंत्र वाचण्याची शक्यता मोठी असते. भीतीपोटी वरवर पुसून यंत्र पुन्हा चालू केले, तर आत शिरलेल्या द्रवातून विद्युत्प्रवाह वाहतो, परिपथांमध्ये लघुमंडल होते आणि धातूच्या जोडण्या गंजू लागतात. चार दिवसांनी यंत्र बंद पडते तेव्हा दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते. फुगलेली बॅटरी लपविण्यात तर आगीचा धोका असतो. दंडाचा नियम यंत्राच्या रक्षणासाठी केलेला असतो. परंतु तो बिघाडाची वार्ता उशिरा पोहोचवितो आणि हा उशीर दुरुस्त होण्याजोग्या यंत्राला भंगारात घालतो.

४. कारणांचे ज्ञान

'असे करू नका' या सूचनांची यादी विद्यार्थ्यांच्या स्मरणात फार काळ टिकत नाही. सूचनेमागचे कारण कळले, तर सूचनेत न आलेल्या प्रसंगीही विद्यार्थी योग्य निर्णय घेऊ शकतो. म्हणून निगेचे शिक्षण कारणमीमांसेपासून सुरू व्हावे. पुढील बाबी माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यालाही समजण्यासारख्या आहेत.

बॅटरी. आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. ती कालांतराने क्षीण होतेच; परंतु उष्णता आणि दीर्घकाळ पूर्ण भारित अवस्था या दोन गोष्टी ही झीज वाढवितात. याउलट बॅटरी पूर्णपणे रिकामी करून तशीच ठेवली, तर तिचा विद्युत्दाब सुरक्षित मर्यादेखाली जातो व संरक्षक परिपथ तिला पुन्हा भारित होऊ देत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत यंत्रे बंद ठेवायची असल्यास ती साधारण ४० ते ५० टक्के भारित करून, पूर्ण बंद करून, त्यातल्या त्यात थंड व कोरड्या खोलीत ठेवावीत आणि मधून मधून तपासावीत. साधारणतः ३५ अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान बॅटरीला मानवत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात पत्र्याच्या छताखालील खोली ही लॅपटॉप साठविण्याची जागा असू शकत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. अनेक नव्या यंत्रांत भार ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय असते. यंत्र सतत विजेला जोडलेले राहत असेल, तर ती वापरावी.

उष्णता व धूळ. यंत्राच्या तळाशी किंवा कडेला हवा आत-बाहेर जाण्याचे झरोके असतात. गोधडीवर, उशीवर किंवा गादीवर यंत्र ठेवले की ते झाकले जातात. आतील पंखा वेगाने फिरतो, धूळ व कापसाचे तंतू ओढून घेतो आणि काही महिन्यांत त्यांचा थर बसतो. तापलेले यंत्र स्वतःचा वेग कमी करते; विद्यार्थ्याला वाटते, यंत्र जुने झाले. एक सपाट पाट किंवा लाकडी फळी एवढ्या उपायाने हा प्रश्न बराचसा सुटतो.

पाणी व दमट हवा. द्रव सांडल्यास क्रम असा असावा : चार्जर काढणे, यंत्र सक्तीने बंद करणे, शक्य असल्यास बॅटरी वेगळी करणे, यंत्र पालथे करून द्रव निथळू देणे, आणि चालू करून न पाहता तंत्रज्ञाकडे नेणे. तांदळाच्या डब्यात यंत्र ठेवण्याचा उपाय लोकप्रिय असला, तरी तो आतील क्षार व साखर काढू शकत नाही. कोकणातील व घाटमाथ्यावरील पावसाळ्यात दमट हवेमुळे जोडण्यांवर गंज चढतो. अशा भागात यंत्र नियमित चालू ठेवणे हाही एक रक्षणोपाय आहे. कारण चालताना निर्माण होणारी ऊब आतील ओलावा कमी करते. पावसाळ्यात यंत्र दप्तरातून नेताना जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावे व वर्गात पोहोचताच ते पिशवीतून बाहेर काढावे.

पडदा व बिजागरी. उघडलेला लॅपटॉप पडद्याला धरून उचलला, तर सर्व वजन बिजागरीवर येते. कळफलकावर पेन राहिले असताना झाकण मिटले, तर पडदा तडकतो. वह्या-पुस्तकांनी ठासून भरलेल्या दप्तरात यंत्रावर येणारा दाबही पडद्यालाच सोसावा लागतो. पडदा पुसताना यंत्र बंद करावे; द्रव पडद्यावर न फवारता मऊ फडके किंचित ओलसर करून हलक्या हाताने पुसावे.

वीज. चार्जरची वायर ओढून पिन काढल्याने, तसेच ती करकचून गुंडाळल्याने आतील तारा तुटतात. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून तो दोन छिद्रांच्या बोर्डात बसविणे धोक्याचे आहे. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की चार्जर बोर्डातून काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही.

५. माहितीची निगा

लॅपटॉपची निगा त्याच्या बाह्यांगापुरती मर्यादित नाही. यंत्र दुरुस्त होऊ शकते, नवे घेता येते. परंतु दोन वर्षांच्या टिपणांची वा प्रकल्प-अहवालाची एकमेव प्रत नष्ट झाली, तर ती परत मिळत नाही. महत्त्वाच्या सामग्रीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी असावी, हा सर्वमान्य संकेत विद्यार्थ्यांनी आत्मसात करावा.

संकेतशब्द मित्राला सांगणे हे मैत्रीचे लक्षण मानले जाते. या समजुतीशी सामना केल्याविना सुरक्षिततेचा पाठ पूर्ण होत नाही. घराची किल्ली कोणाकोणाला द्यावी, असा प्रश्न विचारल्यास विद्यार्थी नेमके उत्तर देतात. तेच उत्तर संकेतशब्दाला लागू करून दाखवावे. अनोळखी पेन ड्राइव्ह न जोडणे, चोरीच्या प्रणाली न बसविणे आणि प्रणालीची अद्ययावतीकरणे न टाळणे या सवयीही निगेचाच भाग आहेत. 'विंडोज १०' या प्रणालीचा सर्वसाधारण सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शाळांमधील अनेक जुनी यंत्रे नव्या आवृत्तीस पात्र ठरत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली बसवून त्यांचे आयुष्य वाढविता येते. यंत्र धडधाकट असूनही प्रणालीअभावी ते बाद ठरू शकते, हे विद्यार्थ्यांना कळणे आवश्यक आहे.

६. अध्यापनाची रीत

साधनाची निगा हा स्वतंत्र उपदेशाचा विषय नसून कामाचा अंगभूत भाग आहे, हा विचार महाराष्ट्राच्या भूमीत पूर्वीच मांडला गेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगकेंद्री शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. सूतकताई शिकणाऱ्या मुलाला टकळी जपावी लागे. वाकडी टकळी नीट सूत काढीत नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. साधनाची अवस्था आणि कामाचा दर्जा यांचा संबंध हाताला कळत होता. लॅपटॉपच्या बाबतीत हा संबंध डोळ्यांआड असतो. तो दृश्य करणे हे अध्यापकाचे कौशल्य होय.

यासाठी पाच तासिकांची एक रूपरेषा सुचविता येईल. पहिल्या तासिकेत कायमचे बंद पडलेले एखादे यंत्र बॅटरी काढून टाकल्यानंतर विद्यार्थ्यांसमोर उघडावे. पंख्यावरील धुळीचा थर, गंजलेली जोडणी आणि पडद्याची नाजूक वायर प्रत्यक्ष पाहिल्यावर पुढील सूचनांना अर्थ प्राप्त होतो. दुसऱ्या तासिकेत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या यंत्राची आरोग्यनोंद तयार करावी : बॅटरीची सध्याची क्षमता, मोकळी साठवणजागा, बिजागरीची व चार्जरची अवस्था, आधीपासून असलेले ओरखडे. तिसरी तासिका स्वच्छतेच्या प्रात्यक्षिकाला द्यावी. चौथ्या तासिकेत विद्यार्थ्यांनी आपल्या सामग्रीच्या प्रती काढाव्यात व त्यांतील एक फाइल परत मिळवून दाखवावी. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे. पाचव्या तासिकेत प्रसंगनाट्य घ्यावे. एकाने पाणी सांडल्याची बतावणी करावी, दुसऱ्याने योग्य क्रमाने कृती करावी आणि तिसऱ्याने शिक्षकांना ती वार्ता सांगावी. वार्ता सांगण्याचा सराव हा या पाठाचा गाभा आहे. 'सर, माझ्याकडून यंत्रावर पाणी सांडले' हे वाक्य न घाबरता उच्चारता येणे, ही निगेतील सर्वांत अवघड कृती असते.

पाच तासिकांनंतर हा विषय संपू नये. आठवड्यातून दहा मिनिटे स्वच्छतेसाठी आणि सत्रातून एकदा आरोग्यनोंद अद्ययावत करण्यासाठी राखून ठेवावीत. यंत्रावरील ओरखड्यांवरून गुण देऊ नयेत. तसे केल्यास न वापरणाऱ्याला सर्वाधिक गुण मिळतील. मूल्यमापन करायचे झाल्यास ते नोंदीच्या नियमिततेचे आणि प्रसंगी घेतलेल्या निर्णयाचे असावे.

विद्यार्थ्यांच्या सहभागाचे जवळचे उदाहरण केरळमध्ये आढळते. तेथील 'काइट' या शासकीय संस्थेने २०१८ मध्ये शाळांमधून 'लिटल काइट्स' ही विद्यार्थ्यांची मंडळे सुरू केली. त्यांच्या प्रशिक्षणात सायबर सुरक्षा, भाषा-संगणन यांबरोबर यंत्रसामग्रीची ओळखही आहे. आपल्या शाळेतील उपकरणांची देखभाल हे बाहेरून येणाऱ्या तंत्रज्ञाचेच काम आहे, ही समजूत अशा मंडळांमुळे सैल होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात स्थानिक कारागिरांसमवेत काम करण्यासाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. सुतार, कुंभार यांच्याबरोबर तालुक्याच्या गावातील संगणक-दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचाही विचार व्हावा. त्याच्या टेबलाशेजारी एक दिवस बसलेला विद्यार्थी बिघाडाच्या कारणांविषयी जे शिकेल, ते कोणत्याही माहितीपत्रकात मिळणार नाही.

७. नुकसानीची जबाबदारी

जबाबदारी शिकवायची असेल, तर तिची वाटणी न्याय्य असली पाहिजे. सर्व नुकसान एकाच मापाने मोजणारे हमीपत्र विद्यार्थ्याला जबाबदारी शिकवीत नाही. ते त्याला भीती शिकविते. नुकसानीचे तीन प्रकार करता येतात. पहिला, नैसर्गिक झीज : बॅटरी क्षीण होणे, कळा सैल होणे. याचा भार संस्थेने उचलावा. दुसरा, अपघात : यंत्र पडणे, द्रव सांडणे. येथे वार्ता तत्काळ दिली असल्यास आर्थिक भुर्दंड लावू नये. फार तर दुरुस्तीच्या कामात विद्यार्थ्याचा सहभाग घ्यावा. तिसरा, जाणूनबुजून केलेली हानी किंवा वारंवार सूचना देऊनही चालू राहिलेली हयगय. येथे पालकांशी बोलून, कुटुंबाची ऐपत पाहून भरपाईचा निर्णय घ्यावा. कोणत्या प्रकारात कोणाचा किती भार, हे यंत्र देतानाच मराठीत, सोप्या वाक्यांत लिहून द्यावे व पालकांना वाचून दाखवावे.

हा करार एकतर्फी असू नये. बिघडलेले यंत्र किती दिवसांत तपासले जाईल, दुरुस्तीच्या काळात पर्यायी यंत्र मिळेल की नाही आणि तक्रार कोणाकडे करायची, हे संस्थेने लिहून दिले पाहिजे. दुरुस्तीची तरतूद न करता यंत्रे वाटणारी संस्था विद्यार्थ्यांना निगेचा उपदेश करते, तेव्हा त्या उपदेशाचे वजन कमी होते. एकूण यंत्रांच्या काही टक्के जादा यंत्रे राखीव ठेवणे आणि खरेदीच्या अंदाजपत्रकातच दुरुस्तीचा खर्च दाखविणे हे प्रशासकीय निर्णय असले, तरी त्यांचा शैक्षणिक परिणाम मोठा असतो.

घरातील परिस्थितीचाही विचार आवश्यक आहे. एका खोलीच्या घरात, जेथे एकच बोर्ड आहे आणि तीन भावंडे आहेत, तेथे 'यंत्र सुरक्षित जागी ठेवावे' ही सूचना निरर्थक ठरते. उंचावरची फळी, दाराला अडकविलेली कापडी पिशवी, शाळा सुटल्यावर तासभर उघडा राहणारा चार्जिंगचा वर्ग अशा व्यवहार्य उपायांची चर्चा पालकसभेत व्हावी. यंत्र मुलीला मिळाले असेल, तर ते घरात प्रत्यक्षात कोण वापरते, हा प्रश्नही त्या सभेत हळुवारपणे विचारला गेला पाहिजे. जिच्या हाती यंत्र येतच नाही, तिच्याकडून त्याच्या निगेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

८. यंत्राची अखेर

निगेचा शेवटचा टप्पा यंत्राला योग्य रीतीने निरोप देण्याचा असतो. लॅपटॉपमुळे पर्यावरणावर येणाऱ्या भाराचा मोठा वाटा त्याच्या निर्मितीच्या वेळीच खर्ची पडलेला असतो. म्हणून चार वर्षांचे यंत्र सहा वर्षे चालविणे ही पर्यावरणरक्षणाची ठोस कृती ठरते. भारतात ई-कचऱ्यासंबंधीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये झाले व मे २०१२ पासून लागू झाले. सध्याचे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत; बॅटऱ्यांसाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. निकामी यंत्र भंगारवाल्याला विकल्यास त्यातील तारा जाळून तांबे काढले जाण्याची व विषारी धूर पसरण्याची शक्यता असते. म्हणून ते नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच जावे. तत्पूर्वी त्यातील वैयक्तिक माहिती पूर्णपणे पुसावी आणि वापरण्यायोग्य सुटे भाग काढून ठेवावेत. एका यंत्राचा पडदा व दुसऱ्याचा कळफलक यांतून तिसरे यंत्र उभे राहताना पाहिलेला विद्यार्थी 'टाकाऊ' हा शब्द पुढे जपून वापरतो.

९. महाविद्यालयांची भूमिका

उरुग्वेमध्ये यंत्रे वाटल्यानंतर दुरुस्तीचा प्रश्न पुढे आला, तेव्हा केवळ शासन नव्हे, तर स्वयंसेवकांचे गटही मदतीस आले. तेथील प्रजासत्ताक विद्यापीठाने २००८ मध्ये 'फ्लोर दे सेइबो' हा उपक्रम सुरू करून विविध विद्याशाखांचे विद्यार्थी व अध्यापक यांना या योजनेच्या कामाशी जोडले. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, संगणकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभागांची प्रात्यक्षिके आणि अध्यापक महाविद्यालयांचे सरावपाठ या तीन व्यवस्था आधीच अस्तित्वात आहेत. परिसरातील एखाद्या शाळेत वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी, लॅपटॉप-तपासणी शिबिर घेणे त्यांना शक्य आहे. अशा शिबिरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी यंत्रे स्वतः दुरुस्त करून परत देऊ नयेत; शालेय विद्यार्थ्यांच्या हातून ती तपासून घ्यावीत.

अध्यापकांचे स्वतःचे वर्तनही येथे महत्त्वाचे ठरते. विभागातील संगणकावर चहाचा पेला ठेवणारा, संकेतशब्द कागदावर लिहून पडद्याला चिकटविणारा अध्यापक निगेवर कितीही प्रभावी व्याख्यान देऊ शकला, तरी विद्यार्थी त्याच्या कृतीचेच अनुकरण करतील.

१०. समारोप

लॅपटॉपची निगा हा वरकरणी लहान, तांत्रिक विषय वाटतो. तथापि, सार्वजनिक मालकीची मौल्यवान वस्तू व्यक्तीच्या हाती सोपविल्यावर तिच्याशी कसे वागावे, हा त्यातील खरा प्रश्न आहे. वस्तू कुलपात ठेवणारा समाज आणि ती बेफिकिरीने मोडणारा समाज या दोहोंत एक साम्य आहे : दोघांनीही ती वस्तू आपली मानलेली नसते. कारणे कळली, हात बसला आणि चूक सांगण्याची मुभा मिळाली, म्हणजे परक्याची ठेव आपली होऊ लागते.

शाळेतून यंत्र परत घेताना त्याच्या कडा थोड्या झिजलेल्या असाव्यात, काही कळांवरची अक्षरे पुसट झालेली असावीत, बॅटरी एकदा बदललेली असावी आणि सोबत नोंदवहीची पाने भरलेली असावीत. असे यंत्र नीट सांभाळलेले म्हणावे. कोऱ्या नोंदवहीसह परत आलेले चकचकीत यंत्र मात्र संस्थेने चिंतेची बाब मानावी.